बाहेरकाठा कोणाचा?

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस खारेपाटातल्या एका गावी भरलेल्या प्रशिक्षण शिबिराला आम्ही तिघे सहकारी हजर होतो. विषय होता 'वाढती समुद्रपातळी आणि किनारी समुदायांचे क्षमतावर्धन'. आमचा प्रांत साहित्याचा. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी घेऊन गेलो म्हणून शाळेच्या त्या वर्गात शेवटच्या बाकावर जागा मिळाली, एवढेच. शिबिर वाईट नव्हते हे आधीच सांगून टाकतो. शिकवणारी मुले अभ्यासू होती, गावाशी अदबीने बोलत होती. तरीही परतीच्या एसटीत आमच्यात जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. त्या वादापायी आम्ही आमच्या विषयाबाहेरची काही पाने चाळली, आणि हा लेख त्यातून आला.

वादाचे मूळ शिबिरातल्या तीन गोष्टींत होते. भरतीच्या वेळा मोबाइलवर कशा पाहायच्या हे प्रशिक्षक दाखवत असताना पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी, पडद्यावर आकडा उमटण्याआधीच, त्या दिवशीची वेळ सांगितली. यात चमत्कार काही नव्हता. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. जुन्या शाळेत पावकी-निमकीबरोबर पाऊणकी पाठ करून घेत, तिचा हा एक उपयोग. प्रशिक्षकाने मोकळेपणाने ती रीत वहीत उतरवून घेतली. दुसरी गोष्ट चहाच्या वेळची. हजेरीपटावर सव्वीस नावे होती, त्यांतल्या एकवीस स्त्रिया, बहुतेक बचतगटांच्या सभासद. ज्या जमिनी वाचवण्यासाठी हे शिक्षण चालले होते त्यांच्या सातबाऱ्यावर यांतल्या कितीजणींचे नाव आहे, असे आमच्या एका सहकाऱ्याने सहज विचारले. दोघींचे होते. उरलेल्या जमिनींचे धनी दीर, सासरे, मुंबई-पनवेलला स्थायिक झालेले चुलते, आणि आता काही ठिकाणी ज्यांना गावाने कधी पाहिलेही नाही असे खरेदीदार.

तिसरी गोष्ट म्हणजे एक प्रश्न. काठ्याला खांड पडली तर आम्ही आधी माती टाकायची की आधी अर्ज करायचा, असे एकीने विचारले. प्रशिक्षक म्हणाले, दोन्ही करा. वर्गात हशा पिकला. आमच्या मते त्या दिवशीचा सर्वांत गंभीर प्रश्न तोच होता, आणि त्याला किमान शंभर वर्षांचा इतिहास आहे.

ज्यांचा या मुलखाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. खारेपाट म्हणजे रायगड जिल्ह्यातला, मुख्यतः अलिबाग आणि पेण तालुक्यांतला खाडीकाठचा सखल पट्टा. इथली पुष्कळशी भातजमीन निसर्गाने दिलेली नाही. ती समुद्राकडून मागून घेतलेली आहे. खाडीच्या बाजूला चिखलमातीचा मोठा बांध घालायचा, तो बाहेरकाठा. त्याच्या आत शेताशेतांचे लहान काठे. बाहेरकाठ्यात जागोजाग उघाड्या, म्हणजे लाकडी झडपांची दारे. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने झडप बाहेर उघडते. भरती चढली की समुद्रच ती लोटून बंद करतो. पावसाळ्याच्या सुरुवातीची पाण्याची लोट जमिनीतले मीठ धुऊन उघाडीवाटे खाडीत सोडते आणि मग राता भाताची, काळ्या किंवा भुऱ्या रात्याची, लावणी होते. ही वाणे खारेपण काही अंशी सोसतात. दिवाळीनंतर जमीन पुन्हा सुकते, मीठ वर येऊ लागते, आणि पुढच्या जूनपर्यंत ते तसेच राहते. म्हणजे ही शेती दरवर्षी नव्याने मिळवावी लागते. बाहेरकाठ्याला एक खांड पडली, उधाणाचे पाणी एकदा आत आले, की एका हंगामावर भागत नाही. मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. आणि खांड ही वाट पाहणारी वस्तू नव्हे. एका भरतीला हातभर असलेली दुसऱ्या-तिसऱ्या भरतीला बैलगाडी जाईल एवढी होते. मोठी उधाणे अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या दोन-तीन दिवसांत येतात, पावसाळ्यात त्यांची उंची साडेचार मीटरांच्या वर जाते. दुरुस्तीला मिळणारा अवधी असतो दोन भरतींच्या मधल्या काही तासांचा, फार तर पुढच्या भांगापर्यंतचा. खारजमिनीच्या साऱ्या व्यवस्था, न्याय्य आणि अन्याय्य दोन्ही, या अवधीभोवती रचल्या गेल्या होत्या असे आम्हांला वाटते.

१८८३ सालच्या कुलाबा गॅझेटियरमध्ये अशी एक व्यवस्था नोंदलेली आहे: शिलोत्री. ज्याने भांडवल घालून खाडीतून जमीन काढली तो शिलोत्रीदार. बाहेरचा बांध राखणे ही त्याची जबाबदारी, आणि तिच्यापोटी सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे मणभर भात घेण्याचा त्याला हक्क. आतले काठे कुळांनी सांभाळायचे. कागदावर ही वाटणी नेटकी दिसते. प्रत्यक्षात बाहेरकाठ्यावर चिखल वाहणारे हात कुळांचेच होते. फरक एवढाच की हाक कोणी घालायची आणि खर्च कोणावर टाकायचा याला लिहिलेले उत्तर होते. पुढे पुढे मण घेण्याचा हक्क जागा राहिला आणि बांध राखण्याचे कर्तव्य निजले, अशा तक्रारी जमीनदारीच्या इतिहासात सर्वत्र भेटतात. खारेपाट त्याला अपवाद असण्याचे कारण नव्हते.

याच मुलखात १९३३ साली चरीचा शेतकरी संप झाला. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले आणि १९३९ पर्यंत, जवळजवळ सहा वर्षे, ते नाकारत राहिले. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. संपाचा इतिहास वाचताना आपले लक्ष साहजिकच खंड, मक्ता, वेठ, उपासमार यांवर जाते. आम्हांला मात्र या खेपेस एक वेगळीच गोष्ट डाचत राहिली. देशावरच्या शेतात संप केला तर पीक बुडते, जमीन तशीच राहते. खारजमिनीत हात थांबवले तर जमीनच समुद्राकडे परत जाण्याची वाट धरते. आगरी कुळांना हे कोणी शिकवायला नको होते. आपण पाठ फिरवली तर काय बुडेल याची पुरेपूर जाणीव असलेल्या माणसांनी केलेला तो संप होता, आणि आमच्या मते त्याचे धैर्य मोजताना ही गोष्ट जमेस धरली जात नाही.

(एक विषयांतर करतो, कारण वाचक बहुतेक आमच्याच पेशातले. मराठी कादंबरीने खोत पुष्कळ रंगवला, श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन खंड घराघरांत आहेत. पण खारबांध, तो बांधणारी माणसे आणि त्यांचे शास्त्र मराठी कथासाहित्याच्या केंद्रस्थानी आमच्या वाचनात तरी आले नाही. मल्याळममध्ये तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी १९४८ सालीच कुट्टनाडच्या, समुद्रसपाटीखालच्या भातखाचरांतल्या पुलय मजुरांवर 'रंडिडंगळि' लिहिली. आपल्याकडे हे का घडले नाही, हा एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय व्हावा. असो.)

स्वातंत्र्यानंतरचे १९४८ हे वर्ष या कथेतले वळण आहे. त्या एकाच वर्षी मुंबई प्रांतात दोन कायदे झाले. एक कुळवहिवाटीचा, ज्याची वाट पुढे 'कसेल त्याची जमीन' इथवर गेली. दुसरा खारजमिनींचा, ज्याने बांध घालण्या-राखण्याचे काम शासकीय मंडळाच्या कक्षेत आणले. पहिला कायदा सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याचे नाव खारेपाटाबाहेर क्वचितच कोणी ऐकलेले असते. दोन्ही आवश्यक होते याविषयी आमच्या मनात शंका नाही. खोत, शिलोत्रीदार गेले हे उत्तम झाले. पण त्यांच्याबरोबर काठ्यावर हाक घालण्याचा अधिकारही गेला, आणि तो गावाकडे न येता कचेरीकडे गेला. १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने हे पक्के केले: योजना आखणे, बांध बांधणे, दुरुस्त करणे हे खात्याचे काम, जमीनधारकाने उपकर भरायचा. कुळ मालक झाले, आणि मालक झाले त्याच काळात बाहेरकाठ्याच्या बाबतीत अर्जदार झाले.

आमच्यातला एक सहकारी यावर म्हणतो की हा दोष रोमँटिक आहे; एवढा खर्च गावाला कधी झेपला असता का? सिमेंटच्या उघाड्या, दगडी पिचिंग, यंत्रे ही शासनाखेरीज कोण आणणार? त्याचे म्हणणे खरे आहे. पण अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांचा काळ महिन्यांत मोजला जातो आणि खांडीचा काळ भरतींत. मोठा बांध शासनाने बांधावा. पहिल्या रात्रीची माती कोणी टाकायची हे मात्र कोणत्याही कायद्याने सांगितले नाही. दरम्यान मुले शिकली, नोकऱ्यांना लागली, शेतीचा हिशेब जमेनासा झाला, खाडीतून वाळूचा उपसा आणि बार्जची ये-जा वाढली. घरटी एक माणूस काठ्यावर जाण्याची रीत कोणी मोडली नाही. ती आपोआप गळाली.

हाच प्रसंग गोव्यात आणखी ठळक अक्षरांत लिहिलेला आहे, कारण तिथे लिहून ठेवण्याची परंपरा जुनी. गोव्याची खाजणे, सुमारे १८ हजार हेक्टर, पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून गावकारीच्या ताब्यात होती. १५२६ साली आफोंसो मेशियाने जो 'फोराल' तयार करवला त्यात गावकऱ्यांचे हे रूढ हक्क आणि कर्तव्ये प्रथम परकीय सत्तेच्या कागदावर आली. पुढे त्यांचे कोमुनिदादींचे कायदे झाले, शेवटचा १९६१ सालचा. तिथे बाहेरकाठ्याला बांध म्हणतात, उघाडीला मानस, आतल्या पाणथळ खोलगटीला पोंय. बांधावर माती, पेंढा, जांभा दगड. बाहेरच्या अंगाला लाटेचा मारा मोडावा म्हणून कांदळ राखलेले. आत कोरगुट, आसगो ही भाते. मानशीवर जाळे लावून मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होई, आणि ते उत्पन्न सामाईक पेटीत येई.

मुक्तीनंतर १९६४ चा कुळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळे मालक ठरली. इथेही न्याय झाला. पण गोव्याच्या कायदेकर्त्यांना बांधाचा प्रश्न दिसत होता हे विशेष. १९७५ साली त्यांनी जे नियम केले त्यांचे नावच कुळांच्या 'संयुक्त जबाबदारी'विषयीचे आहे: प्रत्येक खाजणाच्या कुळांची एक संघटना व्हावी आणि कोमुनिदाद करत होती ते बांधाचे काम तिने करावे. महाराष्ट्रात जी जागा रिकामी राहिली ती गोव्याने भरण्याचा प्रयत्न केला. तो पुष्कळ ठिकाणी फसला. अनेक संघटना कागदावर राहिल्या. काही ठिकाणी मानशीच्या लिलावाचा पैसा भातापेक्षा मोठा ठरला. मासळी अधिक यावी म्हणून दारे भलत्या वेळी उघडी राहू लागली आणि बांध राखण्यासाठी नेमलेल्या व्यवस्थेच्याच हातून खारे पाणी शेतात आले. जबाबदारी संयुक्त असली की ती कोणाचीच नसते, असे याचे सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. आम्हांला ते पटत नाही. गावकारीतही जबाबदारी संयुक्तच होती. फरक असा की तिथे बांध, मासळी, जमीन आणि हिशेब एकाच पेटीत होते. नव्या व्यवस्थेत ते चार ठिकाणी वाटले गेले.

मात्र गावकारीचे गोडवे गाताना एक अडचण गिळावी लागते, आणि अलीकडच्या लेखनात ती फार सहज गिळली जाते. गावकार म्हणजे गाव नव्हे. गावकारी मूळ वंशांच्या पुरुषांची. स्त्रियांना, उपऱ्यांना आणि ज्यांनी पिढ्यानपिढ्या कमरेएवढ्या चिखलात उभे राहून बांध घातला त्या कष्टकरी जातींना तिच्यात आवाज नव्हता. कोणती माती पाणी धरते, पेंढ्याचा थर कोठे द्यायचा, खेकड्याने पोखरलेली जागा पायाला कशी कळते, हे ज्ञान एकाकडे आणि निर्णय दुसऱ्याकडे. खारेपाटातही हेच. आज 'पारंपरिक ज्ञान' या शब्दाने आपण या दोघांना एका ओळीत बसवतो, ती आपली सोय आहे.

प्रशिक्षणाविषयी बोलताना बंगालच्या किनाऱ्याकडे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. समुद्रालगतच्या सामान्य माणसांना संघटितपणे शिकवण्याचा प्रयोग जेवढा मोठा आणि जेवढी वर्षे तिथे झाला तेवढा आपल्या उपखंडात अन्यत्र झालेला नाही. १२ नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसे गेली. वादळाची सूचना होती. ती बेटांवरच्या घरांपर्यंत पोचली नाही, पोचली तिथे कोणी विश्वास ठेवला नाही. स्वतंत्र बांगलादेशात १९७२ साली रेड क्रॉसच्या पुढाकाराने चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम उभा राहिला आणि पुढच्या वर्षी सरकारने तो आपला मानला. गावातलेच स्वयंसेवक निवडायचे. निशाणे, भोंगे, हाती कर्णे द्यायचे. सूचना कशी फोडून सांगायची, म्हातारी माणसे आधी कशी हलवायची, प्रथमोपचार कसे करायचे हे शिकवायचे. दरवर्षी उजळणी करायची. १९९१ च्या वादळात तरीही सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली. मृतांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते, आणि त्यामागचे एक कारण पुढे आले ते असे की परक्या पुरुषाच्या सांगण्यावरून घर सोडून गर्दीच्या निवाऱ्यात जाणे अनेकींना शक्य वाटले नव्हते. तेव्हापासून स्वयंसेविका वाढवल्या गेल्या. आज सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. २०२० च्या अम्फान वादळात बांगलादेशात मृतांची संख्या काही डझनांच्या आत राहिली. निवारे, रस्ते, उपग्रह यांचाही यात वाटा आहे. पण दारावर थाप मारणारा ओळखीचा हात नसता तर ते सारे अपुरे पडले असते.

म्हणजे प्रशिक्षण चालते. कोठे चालते, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. स्वयंसेवकाला कोणते काम करायचे हे ठाऊक आहे, आणि ते करायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याच किनाऱ्यावर बांधाची कथा उलटी आहे. तिथेही जमीनदारीच्या काळात वर्षातले आठ महिने टिकणारे, पावसाळ्यात नदीला आत येऊ देणारे मातीचे बांध घालत, अष्टमासी बांध. १९५० साली जमीनदारी संपली, तेही योग्यच झाले, आणि तिच्याबरोबर या बांधांची व्यवस्था संपली. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी मदतीने शंभराहून अधिक 'पोल्डर' उभारले गेले, कायमचे उंच बांध. काही वर्षे पीक उत्तम आले. मग गाळ शेतात येईना, तो नदीत साठला. नदीचा तळ वर आला, आतली जमीन खाली राहिली आणि पावसाचे पाणी बाहेर पडेना. १९९० साली खुलन्याजवळ बिल डाकातिया इथे लोकांनी सरकारी बांध स्वतः फोडला. १९९७ साली भायना बिलातही तसेच झाले; चार वर्षांत गाळाने जमीन वर आली, नदी खोल झाली. जे कृत्य गुन्हा म्हणून सुरू झाले त्याला पुढे पाटबंधारे खात्याने इंग्रजी नाव दिले, आराखड्यात बसवले, आणि मग अभियंते गावोगाव जाऊन त्याचे प्रशिक्षण देऊ लागले. (पुढच्या बिलांत ते तेवढे साधले नाही. ज्यांच्या जमिनी काही वर्षे पाण्याखाली ठेवायच्या त्यांना भरपाई वेळेवर मिळेना, आणि त्यांनी विरोध केला.) २००९ च्या आयला वादळानंतर तर, स्वयंसेवकांमुळे जीव वाचलेली हजारो कुटुंबे फुटलेल्या पोल्डरांत दोन-दोन वर्षे भरती-ओहोटीच्या पाण्यात राहिली, कारण भगदाडे बुजवली गेली नव्हती. जीव वाचवायला शिकवलेल्या माणसांच्या हातात बांध नव्हता.

पुन्हा आपल्या किनाऱ्यावर. २०१२ साली राज्यात कांदळवन कक्ष आला. सिंधुदुर्गात त्याच सुमारास किनारी जैवविविधतेचा एक मोठा प्रकल्प सुरू झाला. २०१८ साली हरित हवामान निधीने महाराष्ट्र, ओडिशा आणि आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यांसाठी निधी मंजूर केला. त्यातून खेकडापालन, कालवे आणि शिणाणे वाढवणे, कांदळाची रोपवाटिका यांचे प्रशिक्षण गावोगाव झाले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या स्त्रिया पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, झाडांची ओळख करून देतात. हे काम आम्ही पाहिले आहे आणि ते मनापासून आवडले. पण त्याचे स्वरूप लक्षात घ्यावे: तिथे शिकलेल्या बाईच्या हातात होडी आहे आणि वल्हवायला कोणाची ना नाही. खारेपाटातल्या बाईला काठा राखायला शिकवले तर तिच्या हातात काय आहे? जमीन तिच्या नावावर नाही, बांध खात्याचा आहे. आणि एक नवी गुंतागुंत. काठा फुटून पाणी आत राहिले की दोन-चार वर्षांत कांदळ उगवते. कांदळतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली बंदी घातली आणि २०१८ च्या निकालाने ती कायम केली. किनाऱ्याच्या भल्यासाठी हे हवेच होते. पण ज्या शेतात ते उगवले त्या शेताचा बांध पुन्हा घालायला जाणारा शेतकरी आता वनकायद्यासमोर उभा असतो. शेत बुडणे ही त्याची चूक नव्हती, आणि उगवलेल्या झाडांचीही नाही.

आणि पाणी तर वाढतेच आहे. मुंबईत अपोलो बंदरापाशी भरतीची नोंद १८७८ पासून ठेवली जाते, आशियातली ती अतिशय जुन्या नोंदींपैकी एक. जगाचा सरासरी विचार केला तर १९०१ ते २०१८ या काळात समुद्र २० सेंटिमीटर चढला, म्हणजे जवळजवळ एक वीत. आणि २००६ नंतर हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर इतका झाला आहे. वीतभर पाणी ऐकायला काहीच नाही. बाहेरकाठ्याची उंची मोठ्या उधाणाच्या वर हातभर अशी धरलेली असे, असे शिबिरातल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला सांगितले. त्या हातातली निम्मी वीत गेली, असा हिशेब त्यांनी नंतर स्वतःच केला. हात म्हणजे दोन विती, तेव्हा एक वीत गेली असे आम्ही दुरुस्त केले, तर म्हणाले, उरलेली लाटेला लागते.

आमच्या वादाचे दोन पक्ष असे आहेत. एक म्हणतो, आधी अधिकार ठरवा, मग शिकवा. अधिकार नसलेल्या माणसाला कौशल्य देणे म्हणजे पुढच्या आपत्तीत त्याच्यावर ठपका ठेवण्याची तयारी करणे. तुम्हांला शिकवले होते ना, असे म्हणायला मग शासन मोकळे. दुसरा पक्ष म्हणतो, अधिकार कधीच आधी मिळत नाही. चरीच्या कुळांना तो कोणी दिला नव्हता, भायना बिलाच्या लोकांना नव्हता. माणसे एकत्र बसली, काम हाती घेतले, कायदा मागाहून आला. हजेरीपटावरच्या सव्वीस नावांकडे तो आशेने पाहतो. या लेखापुरते आम्ही एकमत केले ते एवढ्यावर, की शिबिरात शिकवायच्या गोष्टींत १९४८, १९७९ आणि गोव्याचे १९७५ यांचा एक तास असायला हवा. पहिली माती टाकण्याचा हक्क आणि तिचा मोबदला गावाला लेखी मिळावा ही मागणी करायची तर आपण ती कोणाकडून, केव्हा गमावली हे माहीत असावे लागते.

त्याच वर्षी ऑगस्टमधल्या पौर्णिमेच्या उधाणात गावच्या बाहेरकाठ्याला एक लहान खांड पडली. आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे ते माहेर, तिच्याकडून कळले. शिबिरातल्या नऊ बायका आणि चार पुरुष ओहोटीला उतरले आणि पेंढा, माती, बांबू, खताच्या गोण्या टाकून त्यांनी ती तिसऱ्या दिवशी बंद केली. अर्ज पहिल्याच दिवशी दिला होता. पुढे दिवाळीच्या सुमारास पाहणीला माणसे आली तेव्हा खांड जागेवर नव्हती, म्हणून पंचनाम्यात तिची लांबी शून्य लिहिली गेली. गोण्यांचे पैसे बचतगटाच्या खात्यातून गेले आहेत. ते कोणत्या सदराखाली लिहायचे यावर गटाच्या त्या महिन्याच्या सभेत बरीच चर्चा झाली, आणि शेवटी 'किरकोळ' असे लिहिले.